भाडेवाढीची नोटीस कायद्याला धरून कशी द्यावी: महाराष्ट्रातील नव्या घरमालकांसाठी मार्गदर्शन

वडिलोपार्जित चाळीतल्या खोल्या वाट्याला आलेला वारस असो किंवा पहिल्यांदाच सदनिका भाड्याने दिलेला नोकरदार, भाडे वाढवायची वेळ आली की दोघेही आधी नोटिशीचा तयार मसुदा शोधू लागतात. मसुद्याची पायरी पुष्कळ नंतरची आहे. भाडे वाढवण्याचा अधिकार कायद्यातून मिळतो किंवा लेखी करारातून. नोटीस तो अधिकार एका ठरावीक तारखेपासून बजावते आणि पुढे वाद झालाच तर त्याचा पुरावा म्हणून उभी राहते. मुळात अधिकारच नसेल, तर वकिलाच्या कागदावर, शिक्का मारून पाठवलेली नोटीसही भाडे एका रुपयाने वाढवू शकत नाही. म्हणून या लेखात आधी अधिकार तपासण्याच्या पायऱ्या दिल्या आहेत आणि नोटिशीचा मजकूर त्यानंतर येतो.

पहिली पायरी: आपली जागा कोणत्या प्रकारात मोडते

महाराष्ट्रातील भाड्याच्या जागांना मुख्यतः महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा लागू होतो. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यापूर्वी राज्यात तीन निरनिराळे कायदे चालत होते: पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेशात १९४७ चा मुंबई भाडे कायदा, विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा कायदा आणि मराठवाड्यात हैदराबाद संस्थानाच्या वारशाने आलेला १९५४ चा कायदा. जुन्या मुंबई कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवून ठेवली होती. ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी झाली आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात स्पष्टपणे सांगितले. नव्या कायद्यातील दरसाल चार टक्क्यांच्या वाढीची तरतूद या पार्श्वभूमीवर वाचली, म्हणजे तिचा हेतू आणि तिची मर्यादा दोन्ही लक्षात येतात.

आपली जागा पुढील तीनपैकी कोणत्या प्रकारात बसते, ते हातातल्या कागदांवरून ठरवावे. पहिला प्रकार जुन्या भाडेकरूंचा, म्हणजे पागडीच्या खोल्या, चाळी, वाडे, बाजारपेठेतील गाळे, जिथे भाडेकरूकडे वर्षानुवर्षांच्या भाडेपावत्या असतात आणि त्याला कायद्याचे संरक्षण असते. दुसरा प्रकार लिव्ह अँड लायसन्स कराराने ठरावीक मुदतीसाठी दिलेल्या जागांचा. आज शहरांतील बहुतेक सदनिका याच प्रकारात येतात. तिसरा प्रकार कायद्याच्या कलम ३ ने वगळलेल्या जागांचा. बँका, सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रम, परदेशी वकिलाती, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या खासगी व सार्वजनिक मर्यादित कंपन्या यांना दिलेल्या जागा त्यात मोडतात. याखेरीज हा कायदा राज्यात सरसकट सर्व गावांना लागू नाही. त्याच्या अनुसूचींमध्ये नमूद केलेल्या क्षेत्रांनाच तो लागू होतो. लहान गावातील घरमालकाने एवढी एक गोष्ट आधी तपासून घ्यावी.

प्रकार ओळखण्यात चूक झाली, तर पुढचे सगळे चुकते. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला चार टक्क्यांचे कलम दाखवून नोटीस पाठवणारे घरमालक आढळतात आणि पागडीच्या भाडेकरूला ‘बाजारभावाप्रमाणे पुढील महिन्यापासून पंधरा हजार’ असे कळवणारेही आढळतात. दोन्ही नोटिसा निरुपयोगी आहेत. दुसरी तर मालकालाच अडचणीत आणणारी आहे, कारण प्रमाण भाडे (म्हणजे कायद्यानुसार त्या जागेचे ठरणारे आधारभूत भाडे) आणि कायद्याने अनुज्ञेय वाढ यांच्यापेक्षा अधिक रक्कम मागणे किंवा स्वीकारणे कलम १० ने बेकायदेशीर ठरवले आहे.

दुसरी पायरी: मूळ भाडे निश्चित करणे

येथून पुढच्या काही पायऱ्या पहिल्या प्रकारासाठी, म्हणजे जुन्या भाडेकरूंसाठी आहेत. लिव्ह अँड लायसन्सचा विचार पुढे एका वेगळ्या भागात स्वतंत्रपणे केला आहे, कारण त्याची रीतच वेगळी आहे.

वाढ ज्या रकमेवर मोजायची, ती रक्कम आधी निर्विवाद हवी. न्यायालयाने पूर्वी कधी त्या जागेचे प्रमाण भाडे ठरवून दिले असेल, तर तो निकाल शोधून काढावा. तसा निकाल नसेल, तर सामान्यतः १ ऑक्टोबर १९८७ रोजी ती जागा ज्या भाड्याने दिलेली होती ते भाडे आधारभूत धरले जाते आणि त्यापूर्वीपासून दिलेल्या जागांच्या भाड्यात एकदाच पाच टक्के वाढ धरण्याची तरतूद कायद्याच्या व्याख्येतच आहे. त्यानंतर आतापर्यंत कोणकोणत्या वर्षी किती वाढ प्रत्यक्ष मागितली गेली आणि भाडेकरूने ती दिली, हे पावत्यांच्या स्थळप्रतींवरून पाहावे.

पावतीपुस्तके जपून ठेवलेली असतील, तर हे काम एका बैठकीत होते. नसतील, तर भाडेकरूकडील पावत्यांच्या छायाप्रती विनंती करून मागाव्यात. जुने भाडेकरू पावत्या बहुधा मालकापेक्षा अधिक नीट जपतात. पावतीत नुसते ‘भाडे’ लिहिले आहे की भाडे, मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि दुरुस्ती उपकर अशा वेगवेगळ्या बाबी दाखवल्या आहेत, याकडे विशेष लक्ष द्यावे. चार टक्क्यांची वाढ भाड्यावर मोजायची असते; भाडेकरूकडून वसूल करून पुढे महापालिकेकडे भरायच्या करावर ती लावता येत नाही. एकत्रित रकमेवर टक्केवारी लावल्यामुळे नोटिशीतील आकडा फुगतो आणि भाडेकरूच्या वकिलाला पहिली हरकत आयती मिळते.

तिसरी पायरी: वाढीची रक्कम काढणे

कलम ११ च्या पहिल्या पोटकलमानुसार, कायदा लागू झाल्यानंतर घरमालकाला जागेच्या भाड्यात दरसाल चार टक्के वाढ करण्याचा हक्क आहे. कलमाची भाषा हक्क देणारी आहे. ‘भाडे आपोआप वाढेल’ असे तिथे म्हटलेले नाही, नोटिशीचा विशिष्ट नमुनाही दिलेला नाही. म्हणूनच वाढ लेखी मागणे, तारीख घालून मागणे आणि मागितल्याचा पुरावा ठेवणे ही सुरक्षित रीत मानावी.

पाचशे रुपये भाडे असेल, तर एका वर्षाची वाढ वीस रुपये होते. प्रश्न पुढच्या वर्षांचा असतो. दरवर्षी मूळ पाचशे रुपयांवरच वीस रुपये वाढवत गेल्यास पाच वर्षांनी भाडे सहाशे रुपये होईल. दरवर्षीच्या नव्या भाड्यावर चार टक्के मोजल्यास ते ६०८ रुपये ३३ पैसे होईल. कलमाच्या मजकुरात चक्रवाढीचा उल्लेख नाही. माझे मत विचाराल, तर आठ रुपयांसाठी संपूर्ण नोटीस वादात टाकण्यापेक्षा साध्या पद्धतीने हिशेब करावा. पद्धत कोणतीही घेतली, तरी ती नोटिशीत उघड लिहावी, म्हणजे ‘हा आकडा आला कुठून’ हा प्रश्न उरत नाही.

अनेक वर्षे वाढ मागितलीच नाही अशी परिस्थिती वारसाहक्काने मालक झालेल्यांच्या बाबतीत हटकून आढळते. अशा वेळी गेल्या वीस वर्षांची ‘थकबाकी’ एकदम मागण्याचा मोह टाळावा. जी वाढ कधी मागितलीच नाही, ती न दिल्याबद्दल भाडेकरूला थकबाकीदार म्हणणे टिकणे कठीण. शिवाय थकलेल्या भाड्याच्या वसुलीचा दावा लावायला मुदतीच्या कायद्याने (लिमिटेशन अॅक्ट) तीनच वर्षे दिली आहेत. वाढ पुढील तारखेपासून मागावी. मागील न मागितलेल्या वर्षांचा टक्का आजच्या भाड्यात मिळवायचा असेल, तर तो हिशेब वर्षवार तक्त्यात वेगळा दाखवावा आणि नोटीस पाठवण्यापूर्वी वकिलाकडून तपासून घ्यावा, कारण जुन्या भाडेकरूंशी होणारे निम्मेअधिक वाद याच जागी सुरू होतात.

चार टक्क्यांखेरीज आणखी दोन प्रकारची वाढ कायद्याला मान्य आहे. जागेत सुधारणा किंवा रचनात्मक बदल केले असतील, तर त्या खर्चाच्या प्रमाणात कायद्याने घातलेल्या मर्यादेत वाढ करता येते. मात्र त्यासाठी भाडेकरूंची लेखी संमती लागते आणि ती काम सुरू करण्यापूर्वी घेतलेली बरी. गळती थांबवण्यासारखी नेहमीची डागडुजी ही सुधारणा नव्हे, ती मालकाची जबाबदारीच आहे. दुसरी तरतूद कलम १२ मध्ये आहे. सरकार किंवा स्थानिक संस्था यांनी त्या जागेवरील कर, पट्टी किंवा आकार वाढवला, तर तेवढी वाढ भाड्यात करता येते, परंतु कराच्या प्रत्यक्ष वाढीपेक्षा एक रुपयाही अधिक घेता येत नाही. करवाढीच्या कारणाने नोटीस देताना जुन्या व नव्या बिलाच्या प्रती जोडाव्यात आणि इमारतीच्या एकूण करातील त्या खोलीचा वाटा क्षेत्रफळावर की भाड्यावर काढला, हे लिहावे. मुंबई शहरातील उपकरप्राप्त इमारतींमध्ये दुरुस्ती उपकराची रक्कम पावतीत स्वतंत्र दाखवावी.

दोनशे रुपये भाड्यावर चार टक्के म्हणजे आठ रुपये. नोटीस पाठवण्याचा टपालखर्च त्याहून अधिक होतो. तरीही पहिली नोटीस द्यावी, असाच सल्ला देईन. पुढे जागा विकताना, वारसांत वाटणी करताना किंवा पुनर्विकासाच्या बोलणीत मासिक भाडे किती हा प्रश्न येतो, तेव्हा नियमित वाढीची कागदोपत्री साखळी असणे आठ रुपयांपेक्षा पुष्कळ मोलाचे ठरते.

चौथी पायरी: नोटीस कोणी आणि कोणाला द्यायची

नोटीस देणारा हा मालक किंवा त्याने लेखी अधिकार दिलेली व्यक्ती असावी. मालमत्ता भावाबहिणींच्या सामाईक नावावर असेल, तर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. एखादा परदेशी असेल, तर त्याचे कुलमुखत्यारपत्र ज्याच्याकडे आहे त्याने तसे नमूद करून सही करावी. वडिलांच्या निधनानंतर मालमत्ता आपल्याकडे आली असेल किंवा इमारत नुकतीच विकत घेतली असेल, तर भाडेवाढीच्या आधी एक साधे पत्र पाठवून मालकी बदलल्याचे, यापुढे भाडे कोणाकडे व कोणत्या खात्यात भरायचे याचे भाडेकरूला कळवावे. मालक म्हणून ज्याचे नाव भाडेकरूने कधी ऐकलेले नाही, त्याच्याकडून थेट वाढीची नोटीस आली, की भाडेकरू ती बाजूला ठेवतो आणि त्याला दोषही देता येत नाही.

भाडेकरूच्या नावाचा घोळ याहून मोठा असतो. पावती आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, खोलीत त्यांची सून आणि दोन नातवंडे, तिसरा नातू डोंबिवलीत, अशी स्थिती चाळीत नवी नाही. अशा वेळी मूळ भाडेकरूचे नाव ‘कै.’ लावून लिहावे आणि जागेत राहणाऱ्या सर्व माहीत असलेल्या वारसांच्या नावे नोटीस काढावी. भाडेकरू म्हणून कोणाचा हक्क पुढे चालतो, हा वेगळा वाद आहे. तो या नोटिशीत मिटवण्याचा प्रयत्न करू नये. नोटिशीमुळे कोणाचाही भाडेकरू म्हणून हक्क मान्य केला असे समजू नये, एवढे एक वाक्य घालणे पुरेसे आहे.

पाचवी पायरी: मजकूर

चांगली नोटीस एका पानात मावते. तिच्यात जागेचे पूर्ण वर्णन, सध्याचे मासिक भाडे, वाढीचा दर व कायद्याचे कलम, रुपयांतील वाढ, नवे भाडे आणि ते कोणत्या तारखेपासून देय आहे, हे सर्व यावे. तारीख महिन्याच्या सुरुवातीची आणि नोटीस पोचल्यानंतर किमान एक पूर्ण महिना मिळेल अशी ठेवावी. भाडेवाढीसाठी कलम ११ ने अमुक दिवसांची मुदत घातलेली नाही, तरी वाजवी अवधी दिलेली मागणी न्यायालयासमोर अधिक बरी दिसते. नमुना असा:

‘श्री. … यांस, खोली क्रमांक …, … चाळ, … . विषय: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ११(१) अन्वये भाडेवाढ. महोदय, वरील जागा आपल्याकडे मासिक भाड्याने असून तिचे सध्याचे भाडे दरमहा रुपये ५०० इतके आहे. मालमत्ता कर व इतर आकार यात समाविष्ट नाहीत. वरील कलमान्वये सदर भाड्यात वार्षिक ४ टक्के दराने रुपये २० इतकी वाढ करण्यात येत असून, दिनांक १ एप्रिल २०२७ पासून जागेचे मासिक भाडे रुपये ५२० राहील. त्या तारखेपूर्वीच्या कालावधीसाठी ही मागणी नाही. हिशेबाबाबत काही हरकत असल्यास ही नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी कळवावे. कळावे.’

त्याखाली मालकाचे नाव, पत्ता, सही आणि तारीख. भाडेकरूला कळणारी भाषा वापरावी. मराठी भाडेकरूला केवळ वजन पडावे म्हणून इंग्रजीत नोटीस पाठवण्यात काहीच शहाणपण नाही. जागा खाली करण्याची धमकी, नळ तोडण्याचा इशारा, जुन्या भांडणांचे उल्लेख यांना या कागदात स्थान नाही. पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा तोडणे किंवा अडवणे कलम २९ ने मना केले आहे आणि तसा इशारा लेखी देणे म्हणजे आपल्याच विरुद्धचा पुरावा आपल्याच सहीने तयार करणे होय.

सहावी पायरी: बजावणी आणि तिचा पुरावा

नोटीस लिहून कपाटात ठेवली, तर ती दिली असे होत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०६ मध्ये नोटीस बजावण्याची जी रीत सांगितली आहे, तीच येथेही पाळावी: नोटीस लेखी आणि सही केलेली असावी, ती टपालाने पाठवावी किंवा भाडेकरूच्या हाती, नाहीतर त्याच्या घरी कुटुंबातील व्यक्तीच्या अगर नोकराच्या हाती द्यावी, आणि हे शक्यच झाले नाही, तर जागेच्या ठळक भागावर चिकटवावी.

समोरासमोर देता येत असेल, तर दुसऱ्या प्रतीवर ‘प्रत मिळाली’ असे लिहून सही व तारीख घ्यावी. सहीमुळे वाढ मान्य केली असे होत नाही, फक्त कागद मिळाला एवढेच सिद्ध होते, हे भाडेकरूला शांतपणे सांगितले तर बहुतेक जण सही करतात. टपालाने पाठवताना लक्षात ठेवावे की भारतीय टपाल खात्याने २०२५ मध्ये पूर्वीची रजिस्टर्ड पोस्टची सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली आहे. त्यामुळे आता स्पीड पोस्टवर नोंदणीची सोय आणि पोच मागून घ्यावी, पावती जपावी आणि संकेतस्थळावरील वितरणाचा तपशील त्याच आठवड्यात छापून ठेवावा. योग्य पत्त्यावर, टपालखर्च भरून, नोंदणीकृत टपालाने पाठवलेले पत्र पोचले असे गृहीत धरण्याची तरतूद सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम २७ मध्ये आहे. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून पाकीट परत आले, तर ते न फोडता तसेच ठेवावे. ते फोडलेत, तर आत कोणता कागद होता, हे पुढे सिद्ध करावे लागेल.

व्हॉट्सअॅपवर त्याच नोटिशीचे छायाचित्र पाठवायला हरकत नाही. जोडीला तो उपयोगी पुरावा होतो. केवळ त्यावर विसंबून मात्र राहू नये. चाळीच्या सूचनाफलकावर एकच सामाईक पत्रक लावणे ही वैयक्तिक बजावणी ठरत नाही. वीस भाडेकरू असतील, तर वीस नोटिसा काढाव्या लागतात.

नोटिशीनंतर काय करावे

ठरलेल्या तारखेनंतर भाडेकरूने नवे भाडे दिले, की त्या रकमेची पावती द्यावी आणि विषय तिथेच संपतो. पावती देणे हे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, ती कृपा नाही.

त्याने जुनेच भाडे आणून दिले, तर ते नाकारू नये. पैसे नाकारले, की ‘मी भाडे देण्यास सदैव तयार होतो’ हा भाडेकरूचा बचाव मालक स्वतःच पक्का करतो, कारण प्रमाण भाडे व अनुज्ञेय वाढ देणाऱ्या किंवा देण्यास तयार असलेल्या भाडेकरूला कलम १५ चे संरक्षण आहे. रक्कम स्वीकारावी आणि पावतीवर ‘वाढीव भाड्याचा हक्क राखून, हिशेबापोटी’ असे शब्द लिहावेत. भाडे परस्पर बँक खात्यात जमा होत असेल, तर याच आशयाचे छोटे पत्र पाठवावे.

आता एका नेहमीच्या गोंधळाविषयी. ‘भाडेवाढीसाठी नव्वद दिवसांची नोटीस लागते’ असे पुष्कळ ठिकाणी ऐकायला मिळते. नव्वद दिवसांचा संबंध थकबाकीच्या कारणावरून जागेचा ताबा मागण्याशी आहे. थकलेल्या प्रमाण भाड्याची किंवा अनुज्ञेय वाढीची लेखी मागणी बजावल्यानंतर नव्वद दिवस उलटल्याखेरीज मालकाला त्या कारणावरून दावा लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने थकबाकी दरसाल पंधरा टक्के सरळव्याजासह भरली, पुढे दावा निकाली निघेपर्यंत भाडे भरत राहिला आणि दाव्याचा खर्च दिला, तर त्याच्याविरुद्ध थकबाकीच्या कारणावरून हुकूमनामा होत नाही. म्हणजे वीस रुपयांच्या वाढीवरून जागा रिकामी करून घेण्याचे स्वप्न कोणी पाहत असेल, तर त्याने ते सोडून द्यावे. थकबाकीची मागणी ही पुढची, वेगळी नोटीस आहे आणि ती वाढीच्या नोटिशीत मिसळू नये.

वाढीचा आकडाच भाडेकरूला मान्य नसेल, तर तो प्रमाण भाडे ठरवून घेण्यासाठी न्यायालयात जाऊ शकतो: मुंबईत लघुवाद न्यायालयात, इतरत्र लघुवाद न्यायालय असेल तिथे त्यात, नसेल तिथे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे. त्यापूर्वी त्याने लेखी हरकत पाठवली असेल, तर तिला लेखी आणि मुद्देसूद उत्तर द्यावे. हरकत बरोबर असेल, तर सुधारित नोटीस काढण्यात कमीपणा मानू नये. चुकीचा आकडा रेटत राहण्याची किंमत नंतर अधिक पडते.

लिव्ह अँड लायसन्सच्या जागा

येथे सगळा भर कराराच्या कलमांवर आहे. करारात ‘पहिल्या बारा महिन्यांनंतर मासिक शुल्कात पाच टक्के वाढ’ असे लिहिलेले असेल, तर ती वाढ त्या तारखेला लागू होते. महिनाभर आधी करारातील कलमाचा क्रमांक देऊन आठवणीचे पत्र पाठवले, की पुरे. असे कलम नसेल, तर मुदत संपेपर्यंत वाढ नाही. सोसायटीने देखभाल खर्च वाढवला, कर्जाचा हप्ता वाढला, शेजारच्या सदनिकेला अधिक पैसे मिळू लागले, यांतील कोणतेही कारण मुदतीच्या मध्यात एकतर्फी वाढीला आधार देत नाही. परस्परसंमती असेल, तर दुरुस्तीचा करार करून तो नोंदवता येतो.

म्हणून वाढीचा विचार करार करतानाच करावा. दोन वर्षांचा करार, पहिल्या वर्षी दरमहा २०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी २१,००० रुपये आणि परत करायची अनामत एक लाख रुपये असे धरू. एकूण शुल्क ४,९२,००० रुपये, अनामतीवर दरसाल दहा टक्के दराने धरलेले दोन वर्षांचे व्याज २०,००० रुपये, मिळून ५,१२,००० रुपये. त्यावर पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क पूर्णांकन करण्यापूर्वी १,२८० रुपये होते. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. वाढ लिहिल्यामुळे मुद्रांक शुल्कात पडणारी भर किरकोळ आहे आणि त्या मोबदल्यात वर्षअखेरीचा वाद टळतो.

मुदत संपताना नवे शुल्क हवे असेल, तर दोन महिने आधी लेखी प्रस्ताव द्यावा: सध्याचा करार अमुक तारखेला संपतो, पुढील कराराचे शुल्क अमुक राहील, मान्य नसल्यास त्या तारखेला जागा रिकामी करून द्यावी आणि अनामत हिशेब करून परत केली जाईल. प्रस्ताव मान्य झाला, की नवा करार करून तो नोंदवावा. कलम ५५ नुसार भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स करार दोन्ही लेखी असणे व नोंदवणे सक्तीचे आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार अकरा महिन्यांचा असला तरी यातून सूट नाही, केवळ नोटरीचा शिक्काही पुरत नाही. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याहून व्यवहारात जड जाणारी बाब अशी की नोंदवलेला करार नसताना वाद झाला, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर येतो. फोनवर ‘पुढच्या महिन्यापासून दोन हजार वाढवून द्या’, ‘बरं, देतो’ एवढ्यावर चालवलेली मुदतवाढ म्हणूनच धोक्याची आहे.

राहणारा नवे शुल्क मान्य करत नाही आणि मुदत संपूनही जागा सोडत नाही, अशी वेळ आली, तर वाढीव दराची बिले पाठवत बसू नये. निवासासाठी दिलेल्या जागेबाबत कलम २४ नुसार मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी करारातील शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. लेखी लायसन्स करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. गाळा किंवा कार्यालय लायसन्सवर दिले असेल, तर कलम २४ चा हा जलद मार्ग उपलब्ध नसतो आणि ताब्यासाठी न्यायालयात दावा लावावा लागतो.

वगळलेल्या जागांबाबत थोडेसे

बँक किंवा मोठी कंपनी भाडेकरू असेल, तर चार टक्क्यांची मर्यादा नाही, तसा चार टक्क्यांचा आधारही नाही. भाडेपट्ट्यात वाढीचे कलम असल्यास त्याप्रमाणे पत्र द्यावे. पट्ट्याची मुदत संपून व्यवहार नुसता महिन्यागणिक चालू असेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसल्यास, पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेसंबंध संपवता येतो आणि नव्या भाड्याचा प्रस्ताव त्याच सुमारास स्वतंत्र पत्राने ठेवता येतो. येथे खबरदारी एवढीच घ्यावी की समाप्तीच्या नोटिशीची मुदत संपल्यानंतर आलेली रक्कम नुसती ‘भाडे’ म्हणून स्वीकारू नये. ती जागेच्या वापराची भरपाई म्हणून, हक्क राखून घेत असल्याचे कंपनीच्या मालमत्ता विभागाला दर वेळी लेखी कळवावे.